सोवळ्यातली वीज

लोणावळ्याच्या पावसात काय वाळत नाही ते सांगत बसण्यापेक्षा काय वाळतं ते सांगणं सोपं आहे, कारण काहीच वाळत नाही. आषाढ लागला की आमच्या घरी बरणीतल्या मिठाला पाणी सुटायचं, काडेपेटी चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवली तरी काडी पेटताना कुरकुर करायची, आणि अण्णांचा रेल्वेचा काळा कोट गणपतीपर्यंत हिरवट दिसायचा. पत्र्यावर पाऊस इतका वाजायचा की जेवताना भात हवा का विचारायचं तर ओरडावं लागे. अशा घरात आत्या चूल पेटवायची. अण्णांची ही थोरली बहीण लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती, आणि माझी आई गेल्यावर घर तिच्या हातात आलं, किंवा खरं सांगायचं तर आम्ही दोघं तिच्या हातात आलो. ओली लाकडं, बांबूची फुंकणी, धुरानं भरलेलं स्वयंपाकघर आणि त्या धुरात लाल आलवणातली आत्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या. आंबेमोहोराच्या भाताचा वास त्या धुरातून आमच्यापर्यंत यायचा, म्हणून स्वयंपाक झाला आहे हे कळायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की धूर थांबला नाही तर डोळे जातील. आत्या म्हणाली, डोळे गेले तरी हातांना चूल ठाऊक आहे.

लाकडं आणायची ठकूबाई. धरणाच्या पलीकडे डोंगरावर तिची वाडी होती. तिचं वावर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. राहिलं होतं ते रान, आणि रानातला लाकूडफाटा डोक्यावर घेऊन ती दिवसाआड आमच्या मागच्या दाराशी यायची. मग रोजचा तंटा सुरू व्हायचा. आत्या उंबऱ्याच्या आत, ठकूबाई बाहेर, मधे मोळी.

"ओली आहेत," आत्या म्हणायची.

"न्हाई वं बाई. चुलीवरच्या माळ्यावर ठिवून वाळवल्यात. आमी सोता उघड्यावर निजतो पर लाकडं आत ठिवतो."

"मग धूर का होतो?"

"धूर तुमच्या चुलीचा. लाकडाचा न्हाई."

यावर आत्या लाकडांवर पाणी शिंपडून ती आत घ्यायची, ठकूच्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून. पाणी शिंपडलेलं लाकूड मग ओलं निघे आणि धूर करी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी आत्याला सांगून पाहिलं. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

अण्णा स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होते. साहेबाशी बेधडक इंग्रजीत भांडणारा हा माणूस बहिणीपुढे मात्र पार्सलासारखा गप्प असायचा, जिथं ठेवाल तिथं. बेवारशी पार्सलांचा लिलाव व्हायचा, त्यात एकदा त्यांनी एक विजेची शेगडी घेतली. लोखंडी बैठक, वर पांढऱ्या मातीची नागमोडी खाचांची थाळी, खाचांत तारेचं वेटोळं. कोणा खंडाळ्याच्या बंगलेवाल्यासाठी आली असावी. त्यानं ती का सोडवून नेली नाही हे शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्याबरोबर माहितीचा कागद नव्हता. बैठकीवर पत्र्याची पट्टी होती, ती घासून गेलेली. व्होल्ट २३० आणि अँपिअर ४, एवढंच वाचता येत होतं. वीज किती खाते हा मुख्य आकडाच नाहीसा झाला होता. आमच्या घरी वीज होती ती दिव्यांपुरती, पाच अँपिअरच्या फ्यूजची. त्याहून जास्त ओढली तर तार वितळून घर अंधारात. अण्णा शेगडी टेबलावर ठेवून तिच्याभोवती फिरत होते. शेवटी म्हणाले, "शकू, तुमच्या पुस्तकात याचं काही आहे का गं?"

होतं. मी तेव्हा मॅट्रिकच्या आदल्या वर्गात होते, आणि फिजिक्सच्या पुस्तकातलं विजेचं प्रकरण मला इतकं आवडलं होतं की केवळ समाधानासाठी मी त्यातली गणितं दोनदा सोडवत असे. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की शक्ती: नऊशे वीस वॉट. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध: साडेसत्तावन्न ओहम. घरातले पाच दिवे प्रत्येकी चाळीस वॉटचे, म्हणजे सगळे मिळून दोनशे वॉट, दोनशे तीसनं भागले की एक अँपिअरसुद्धा नाही. शेगडीचे चार आणि दिव्यांचे ते पाऊण-एक, पाचाच्या आत बसतात. "बसतं अण्णा," मी म्हटलं, "पण सहावा दिवा लावायचा नाही." फ्यूज इतका काटेकोर नसतो, थोडं जास्त झालं तर तोही डोळेझाक करतो, हे मला पुढे शिकवायला लागल्यावर कळलं. पण त्या दिवशी माझं उत्तर बरोबर आलं आणि तार लाल झाली. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. अण्णा तिच्याकडे बघत म्हणाले, "आता ताईला कोण सांगणार?"

ताईला सांगण्याची गरज नव्हती. ती दारात उभी होती. वीज सोवळ्यात चालते की नाही हा प्रश्न तिनं कोणालाही न विचारता स्वतः हातात घेतला आणि मला पाटावर समोर बसवलं. माझ्या आयुष्यात पुढे परीक्षक पुष्कळ आले. असा एकही नाही.

"तार बाहेरून येते. खांबावर कोण कोण चढतं. त्याचा हात लागला तर विटाळ तारेतून इथवर येतो का?"

"तारेवर आवरण असतं, आत्या. त्यातून काही जात नाही."

"कशाचं?"

"रबर, आणि वरून रेशीम नाहीतर सूत."

"रेशीम असेल तर नाही येणार," ती लगेच म्हणाली. "सूत असेल तर येईल."

मी थक्क झाले. पुस्तकात रेशीम आणि लोकर हे विजेचे दुर्वाहक म्हणून छापलं होतं आणि आत्याला ते पाठ होतं, कारण रेशमी वस्त्राला आणि लोकरीच्या धाबळीला विटाळ लागत नाही, सुती लुगड्याला लागतो, हे ती जन्मभर पाळत आली होती. मग मी तिला तिच्याच भाषेत शिकवायला लागले. दाब म्हणजे विटाळाचा जोर. सुतकाचा जास्त, साध्या शिवाशिवीचा कमी. रोध म्हणजे मधलं वस्त्र. आणि प्रवाह म्हणजे प्रत्यक्षात आपल्यापर्यंत पोचलं किती. जोराला रोधानं भागायचं.

"हे तुझ्या पुस्तकात आता लिहिलंय?" आत्या म्हणाली. "आम्हाला आजीनं शिकवलं." आणि मग, न सांगता, तिनं पुढचं पाऊल टाकलं: "म्हणजे जोर कितीही असू दे, रोध मोठा असला की झालं."

माझ्या वर्गातल्या मुलांना हे समजायला एक सत्र लागलं होतं. इतक्या वर्षांनंतर आज हे लिहिताना मला तिचं कौतुक वाटतं आणि त्याच वेळी लाजही वाटते. कोणत्या वस्तूतून काय वाहतं याचा इतका बारीक विचार ज्या बाईनं केला होता, तिनं तो सगळा ठकूबाईला उंबऱ्याबाहेर ठेवण्यासाठी केला होता. आणि तिच्या शास्त्रात बसवून शेगडी घरात आणण्याची मला इतकी घाई होती की या गोष्टीचा राग तेव्हा मलाही आला नाही.

घाईला कारण होतं. पुण्याहून माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा कचेरीत नोकरीला, घर पेठेतलं, आणि मुलीनं पुढं शिकू नये अशी त्यांची अपेक्षा. अण्णांच्या मनात मला मॅट्रिकनंतर पुण्याला कॉलेजात पाठवायचं होतं, पण ते बहिणीपुढे मांडायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. आत्यानंच तोड काढली. भाद्रपदात अविधवा नवमीला माझ्या आईचं श्राद्ध असे. आत्या म्हणाली, "नवमीचा स्वयंपाक या शेगडीवर सोवळ्यात पार पडला तर मी म्हणेन की पोरीच्या शास्त्रात काही आहे. शिकू दे तिला. नाहीतर मार्गशीर्षात लग्न." अण्णांनी मान हलवली. मीही हलवली. कोणी मला विचारलं नव्हतं, पण मान हलवली.

श्रावण सुरेख गेला. मी घातलेले नियम आत्या स्वतःच्या सोवळ्याइतक्याच कडकपणे पाळायची: अंगावर कोरडी धाबळी, खाली लाकडी पाट, हात पुसलेले, आणि पातेलं उचलण्याआधी बटण बंद. चूल थंड पडली. तिच्या डोळ्यांचं पाणी थांबलं आणि कित्येक वर्षांनी ती तांदूळ निवडताना मला हाक न मारता खडे वेचू लागली. ठकूबाईची मोळी आठवड्यातून एकदाच, बंबापुरती, लागू लागली. ती दारातून लाल तार बघायची.

"ह्यो इस्तू कुटून येतो, ताई?" तिनं मला विचारलं.

"धरणाच्या पाण्यातून."

तिनं जरा विचार केला. "म्हंजी आमच्या वावरातूनच की," ती म्हणाली. "मंग ह्यो बी म्याच आनला म्हना." ती हसली. लाकडाचा धंदा बुडत होता तिचा, आणि मी हसले.

घात केला तो भटजींनी, आणि तोही चांगल्या हेतूनं. नवमीच्या आदल्या दिवशी ते यादी सांगायला आले. शेगडी पाहून त्यांनी हरकत घेतली नाही. अग्नी तो अग्नी, म्हणाले. पण श्राद्धाला धाबळी चालत नाही, धूतवस्त्रच हवं. आणि चूल कोणतीही असो, सारवल्याशिवाय पेटवायची नाही. आत्यानं हे मला सांगितलं नाही, कारण तिच्या मते त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सकाळी धुऊन उंच वळणीवर टाकलेलं सुती वस्त्र लोणावळ्यात भाद्रपदात वाळणार कसं? तिनं ते ओलंच नेसलं. पाट धुतला. जमीन सारवली. आणि शेवटी शेणाच्या काल्यात हात बुडवून शेगडीची लोखंडी बैठकही वरपासून खालपर्यंत सारवून काढली, नेमानं, चूल सारवतात तशी. तिच्या शास्त्रात नुकत्याच धुतलेल्या ओल्या सुती वस्त्राहून शुद्ध काही नाही. त्याला काहीही लागू शकत नाही. माझ्या शास्त्रात त्याच्याइतकं वाईट काही नाही. रेशीम आणि लोकर यांच्यापर्यंत दोन्ही शास्त्रं हातात हात घालून आली होती, ती नेमकी इथं वेगळी झाली, आणि ती वाट मी कधी तपासलीच नव्हती.

मी मागच्या अंगणात केळीची पानं पुसत होते. ठकूबाई मोळी उतरवून उभी होती. आतून अळूच्या भाजीचा वास येत होता आणि खिरीचं पातेलं चढवून, बटण लावून आत्या शेगडी जरा सरळ करत होती. आवाज असा काही झालाच नाही. ठकूबाई एकदम म्हणाली, "बाई अशा का करत्यात?" मी वळून पाहिलं. आत्याचा हात बैठकीला चिकटला होता आणि ती सगळी थरथरत होती, तोंड उघडं, शब्द नाही. सारवणाच्या ओलीतून वीज बैठकीत उतरली आहे हे मला कळलं, आणि कळल्यामुळेच मी जागच्या जागी उभी राहिले. हात लावायचा नाही, बटण पलीकडच्या भिंतीवर, तिथं जायचं तर ओल्या जमिनीवरून, हे सगळं एका वेळी डोक्यात आलं आणि पाय हलेनात. ठकूबाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पितरांचा दिवस, बाईच्या अंगात कोणी शिरलंय, एवढंच तिला दिसलं. तिनं मोळीतलं एक दांडकं उपसलं, आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला आणि "सोड हिला, जा तुज्या वाटंनं" असं त्या पितराला दरडावत आत्याच्या मनगटावर हाणलं. हात सुटला. आत्या मागं कोसळली ती ठकूबाईच्या अंगावर, आणि ठकूबाईनं तिला दोन्ही हातांनी कवेत धरून खाली बसवलं. मग मी धावले आणि बटण बंद केलं, जेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता तेव्हा.

आत्यानं डोळे उघडले. आपण कुणाच्या मांडीवर आहोत ते पाहिलं. ठकूबाईनंही ते पाहिलं आणि घाईनं उठून बाहेर उंबऱ्यापलीकडे जाऊन उभी राहिली. मग आत्या म्हणाली, "शके, चूल पेटव." ठकूबाईची लाकडं चुलीत घातली. पाणी शिंपडायचं त्या दिवशी आत्या विसरली. धूर झाला नाही.

खीर झाली, वडे झाले, पानं मांडली आणि भटजी आले. त्यांनी आत्याच्या मनगटावरचा वळ पाहिला.

"हे काय?"

"शेगडीचा झटका बसला. ठकीनं लाकूड मारून सोडवलं."

भटजींनी पळी खाली ठेवली. "म्हणजे तिचा स्पर्श झाला. राधाताई, मग हा स्वयंपाक चालायचा नाही. सगळं पुन्हा करावं लागेल."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आईचं पान वाढलेलं होतं. मागच्या दारात ठकूबाई डोक्यावर पदर ओढून उभी होती, आणि आता सगळ्याचं खापर आपल्यावर फुटणार हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"स्पर्श नाही," आत्या शांतपणे म्हणाली. "मधे लाकूड होतं."

"लाकडातून विटाळ येतो."

"ओल्या लाकडातून येत असेल. हे कोरडं होतं."

मागच्या दारात ठकूबाईच्या घशातून एक आवाज आला, तो तिनं पदरानं दाबला. इतक्या वर्षांच्या तंट्याचा निकाल असा भर श्राद्धात लागला होता.

"कशावरून कोरडं?" भटजी म्हणाले.

"ओलं असतं तर ठकीही चिकटली असती. शकू, सांग यांना."

माझी ती पहिली तोंडी परीक्षा. कवेत धरल्याचं मला ठाऊक होतं, आत्याला ठाऊक होतं, ठकूबाईला तर होतंच. पण प्रश्न लाकडाचा होता आणि मी लाकडापुरतं उत्तर दिलं. दाब दोनशे तीस. कोरड्या लाकडाचा रोध लाखांच्या घरात. दोनशे तीसला लाखांनी भागा, म्हणजे लाकडातून पलीकडे पोचतं ते असं. मी पाटीवर शून्यं काढून दाखवली. त्याबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

भटजींनी शून्यांकडे पाहिलं. बाहेर पाऊस होता, आणि त्यांना पुढे खंडाळ्याला दुसरं श्राद्ध होतं. "म्हणजे पोचतं, परंतु अत्यल्प," ते म्हणाले.

"अत्यल्प," मी म्हणाले.

"अत्यल्पाला दोष नाही," त्यांनी निर्णय दिला आणि पळी उचलली.

जेवणं झाल्यावर आत्यानं ठकूबाईसाठी पान वाढलं. नेहमी ते अंगणात ठेवून ती मागं सरत असे. त्या दिवशी तिनं ते ठकूबाईच्या हातात दिलं, आणि मग जाऊन आंघोळ केली. लोक बदलतात ते एवढेच बदलतात, निदान आमच्या घरी.

"अट हुकली, ताई," दुपारी अण्णा हळूच म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही, फायद्याचं असलं तरी. "स्वयंपाक शेगडीवर व्हायचा होता."

आत्या वळ आलेल्या मनगटाला हळद लावत होती. तिनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही.

"शके, माझ्यातून किती गेलं असेल गं?"

"दाबाला रोधानं भागायचं, आत्या."

"दाब ठाऊक आहे तुला. भाग."

"ओल्या अंगाचा रोध किती, ते आमच्या पुस्तकात नाही."

"मग कुठल्या पुस्तकात आहे?"

"कॉलेजात असेल."

"मग तिथं जाऊन बघून ये," आत्या म्हणाली आणि अण्णांकडे वळली. "गोविंद, पुण्याच्या लोकांना कळव, आमच्या मुलीचं एक गणित अर्धं राहिलंय."

तो आकडा मला कॉलेजात दुसऱ्या वर्षी मिळाला. सुटीत घरी आले ती धावतच स्वयंपाकघरात गेले. शेगडी पुन्हा चालू होती, धाबळीसकट. सारवणं मात्र बंद होतं. आत्या वाती वळत होती. मी सांगितलं की ओल्या अंगाचा रोध धरावा हजार ओहमच्या आसपास. म्हणजे तिच्यातून पाव अँपिअरच्या जवळपास गेलं असणार, आणि माणूस मरायला त्याच्या निम्मंसुद्धा पुरतं. फ्यूजला तर त्याचा पत्ताही लागला नसता. "या हिशेबानं तू जगायला नको होतीस, आत्या."

आत्यानं वात पुरी वळली. उघड्या दारातून मागचं अंगण दिसत होतं, तिथं ठकूबाई मोळी सोडत बसली होती.

"हिशेबात ठकी कुठं धरलीस?" आत्या म्हणाली.